‘टूलिंगचा खर्च पुरवठादाराला फुकटातच पडतो’ म्हणे!

माझी भाची नुकतीच एका गाड्यांच्या कंपनीत खरेदी विभागात लागली. तिच्या विभागात फिरणारा एक मजकूर तिने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हे खरं आहे का?’ हाच मजकूर याआधी इतरांकडूनही आला होता, तेव्हा सोडून दिला. पण उद्या जी पोरगी पुरवठादारांसमोर बसून दर ठरवणार, तिच्या डोक्यात हे बसणार असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

मजकुराचं सार असं. टूलिंगच्या, म्हणजे सुटे भाग बनवायला लागणारे साचे, डाय आणि भाग पकडून ठेवणारी फिक्स्चर यांच्या नावाखाली पुरवठादार पैसे उकळतात. हा खर्च नगाच्या दरात वाटून दिला की त्यांना काहीच तोशीस पडत नाही. साचा एकदा बनला की मॉडेल बंद होईपर्यंत चालतो. मॉडेल बंद झाल्यावर तो त्यांच्याच शेडमध्ये पडून राहतो, त्याला खर्च कसला? साचा कंपनीचा, त्यामुळे पटलं नाही तर उचलून दुसऱ्याकडे द्या. आणि नवा घ्यायचा तर जिथे सगळ्यात स्वस्त मिळेल तिथून घ्या.

‘काहीच तोशीस पडत नाही’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. चलन कुठलंही धरा. समजा साचा 60 लाखांचा आहे. कंपनी सांगते, वर्षाला 60 हजार गाड्या, 5 वर्षं, म्हणजे 3 लाख नग. म्हणून प्रत्येक नगाच्या दरात साच्याचे 20 धरले. कागदावर हिशोब चोख. मग गाडी बाजारात आली आणि वर्षाला 35 हजारच खपली. 5 वर्षांत नग झाले 1 लाख 75 हजार, वसूल झाले 35 लाख. उरलेले 25 लाख कोणाचे? करारात किमान नगसंख्येची हमी नसेल तर पुरवठादाराचे. गाडीचं डिझाइन त्याने केलं नव्हतं, किंमत त्याने ठरवली नव्हती, जाहिरातही त्याची नव्हती. गाडी पडली त्याचा भुर्दंड मात्र त्याने भरायचा.

यात व्याज अजून धरलेलंच नाही. साचा बनवणारी टूलरूम ऑर्डरबरोबर आगाऊ रक्कम मागते, पहिल्या ट्रायलला दुसरा हप्ता घेते, मंजुरीनंतर उरलेली रक्कम. हे पैसे पुरवठादार बँकेतून उचलतो. वसुली सुरू होते गाडीचं उत्पादन सुरू झाल्यावर, म्हणजे बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाने. लाँच पुढे ढकललं की व्याजाचं मीटर चालूच. कंपनीने साच्याचे पैसे एकरकमी द्यायचे ठरवले असतील, तरी ते सहसा पीपॅप, म्हणजे उत्पादनाआधी कंपनीने नमुना नग आणि त्यांची कागदपत्रं तपासून द्यायची मंजुरी, झाल्यावर सुटतात. तोवर टूलरूमचे पैसे देऊन झालेले असतात.

त्यात ड्रॉइंगमधले बदल. साचा तयार, पोलाद कडक करून झालं, पहिले नग निघाले आणि कंपनीच्या डिझाइनवाल्यांना कळलं की ब्रॅकेटची एक रिब, म्हणजे मजबुतीसाठीची उभी पट्टी, शेजारच्या वायरिंगला घासते, ती 2 मिलिमीटर सरकवा. साच्यातलं पोलाद कापून काढता येतं, परत लावणं सोपं नसतं. रिबची जुनी खाच वेल्डिंगने भरायची किंवा तिथे पोलादाचा वेगळा तुकडा (इन्सर्ट) बसवायचा, मग पुन्हा मशीनिंग, पुन्हा पॉलिश, पुन्हा ट्रायल, पुन्हा मोजमाप. वर मेल येतो: ‘काम सुरू करा, पैशांचं नंतर बघू.’ ते ‘नंतर’ पुढच्या दरवाटाघाटीत सोडून द्यावं लागतं, कारण तोवर पुढच्या मॉडेलची ऑर्डर समोर लटकत असते.

मजकूर लिहिणाऱ्याने हा हिशोब एकदा जरी मांडला असता, तरी ते वाक्य त्याला लिहिता आलं नसतं.

आता शेडमध्ये पडून राहणाऱ्या साच्यांबद्दल. मॉडेल बंद झालं तरी सुटे भाग पुढे दहा-पंधरा वर्षं द्यावे लागतात. तेवढा काळ कित्येक टन पोलाद रॅकवर असतं. गंज चढू नये म्हणून तेल लावायचं, थंड पाण्याच्या वाहिन्यांत क्षार साचतात ते काढायचे, जागेचं भाडं, विमा, नोंद. मधूनच 200 नगांची मागणी येते, तेव्हा साचा चढवायला आणि सेटिंगला जो वेळ जातो तो नग काढायच्या वेळेपेक्षा जास्त असतो. हे फुकट असतं तर जपानच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने जुलै 2024 मध्ये टोयोटा समूहातल्या टोयोटा कस्टमायझिंग अँड डेव्हलपमेंट या कंपनीवर उपपुरवठादार संरक्षणाच्या कायद्याखाली कारवाई केली नसती. 49 उपपुरवठादारांना मिळून 664 साचे वगैरे विनामोबदला सांभाळायला लावले, हा तिथला ठपका. पुरवठादारांशी दीर्घकाळ जुळवून घेण्याचा आदर्श म्हणून जगभर ज्या उद्योगाकडे बोट दाखवतात, तिथला नियामक म्हणतो की साठवणुकीचे पैसे द्यायला हवेत. खरेदीतल्या कोणी हा मुद्दा पुन्हा काढला तर भाचीने एवढं एकच उदाहरण पुढे ठेवावं.

‘एकदा बनला की चालतो’ हे तर टूलरूममध्ये एक दिवस उभं राहिलं तरी गळून पडतं. 30 टक्के काचतंतू भरलेलं नायलॉन गेटजवळचं, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरतं त्या तोंडाजवळचं, पोलाद घासत राहतं. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिटतात ती कड, झिजली की नगाच्या कडेला प्लास्टिकची जादा पापुद्री (फ्लॅश) येते आणि ती खरवडायला माणूस बसवावा लागतो. नग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिना, स्लायडर, स्प्रिंगा बदलाव्याच लागतात. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या वर्गवारीत 101 वर्गाचा साचा 10 लाख किंवा त्याहून जास्त सायकलींचा (साचा एकदा मिटून उघडला की एक सायकल), 103 वर्गाचा 5 लाखांपर्यंतचा आणि 104 वर्गाचा 1 लाखापर्यंतचाच धरतात. 104 च्या दरात साचा घ्यायचा आणि 101 ची अपेक्षा धरायची, हे चालत नाही. ‘सगळ्यात स्वस्त जिथे मिळेल तिथून’ या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं.

एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. ठरलेले नग पूर्ण झाले तरी दरातले ते 20 कमी न करणारे पुरवठादार आहेत, आणि तो कंपनीचा पैसा आहे. कंपनीच्या साच्यावर मालकीची खूण नसणं हेही चूकच. वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात, आयएटीएफ 16949 मध्ये, स्पष्ट म्हटलंय की ग्राहकाच्या टूलवर कायमची, दिसेल अशा जागी खूण हवी, मालकी कोणाची ते कळायला हवं. जो हे करत नाही त्याची बाजू मी घेणार नाही. पण काहींच्या लबाडीवरून सगळ्यांना लुटारू ठरवून दर पाडायचे, हे मान्य नाही.

राहिलं ‘उचलून न्या’. अमेरिकेत 2008 च्या फेब्रुवारीत क्रायस्लरने प्लास्टेक या पुरवठादाराची कंत्राटं रद्द करून आपली टूल परत मागितली. प्लास्टेकने दिवाळखोरीचा अर्ज केला, भाग थांबले आणि क्रायस्लरचे 4 कारखाने बंद पडले. टूल ताबडतोब ताब्यात द्यायला न्यायालयाने नकार दिला. आणि समजा टूल निघालंच, तरी नव्या जागी तेवढ्या टनेजचं, म्हणजे साचा दाबून धरायच्या ताकदीचं, मशीन हवं, त्याच्या खांबांमध्ये (टाय बारमध्ये) साचा बसायला हवा, पीपॅप नव्याने व्हायला हवा. तोवर लाइन चालवायला नगांचा साठा आधीच करून ठेवावा लागतो, आणि ज्याच्याकडून काम काढून घ्यायचं त्याच्याकडूनच तो करून घ्यावा लागतो.

भाचीला मी कळवलंय: पुढचं कोटेशन आलं की आधी बघ, किमान नगसंख्या लिहिली आहे का, ती भरली नाही तर उरलेली रक्कम कोण आणि कधी देणार, आणि ती पूर्ण झाल्यावर नगाचा दर कितीने उतरणार.