काजळीबद्दल तुमचं बरोबर, मण्याबद्दल नाही

दादा, नमस्कार. लेझरने सूक्ष्म कण पकडण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही देवगडहून तीन आक्षेप घेतलेत. लेझरच्या झोतात तरंगणारी जी काजळी मी व्हिडिओत दाखवली, ती उष्णतेमुळे तरंगते, प्रकाशाच्या दाबामुळे नव्हे. प्रकाश ढकलतो हे मान्य, पण ढकलणारी गोष्ट धरून कशी ठेवेल? आणि उन्हात वाळत घातलेला बांगडा तसूभरही सरकत नाही, मग यावर विश्वास का ठेवायचा?

पहिल्या आक्षेपात तुमचं अगदी बरोबर आहे, चूक माझी. काजळी प्रकाश शोषते, तिची एक बाजू जास्त तापते, तिथे आदळलेले हवेचे रेणू जास्त वेगाने परततात आणि कणाला रेटतात. हवा काढून टाकली की हा रेटाच संपतो. व्हिडिओखालचा मजकूर मी आज बदलला.

पण लेझरने पाण्यात पकडतात तो प्लॅस्टिकचा सूक्ष्म, पारदर्शक मणी वेगळा. तो प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. तुम्ही खाडीकाठचे, सुकाणू हातात धरलं असेलच. सुकाणूने पाणी एका बाजूला वळवलं की होडीचा मागचा भाग उलट बाजूला जातो. मणी प्रकाशाचं तेच करतो. तो झोताच्या मध्यापासून जरा उजवीकडे सरकला, की त्याच्या डाव्या अर्ध्यातून जास्त प्रकाश जातो. भिंगासारखा असल्याने तो हे किरण उजवीकडे वळवतो आणि स्वतः डावीकडे, म्हणजे मध्याकडे, ओढला जातो. झोत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका बिंदूवर आवळला, तर बाजूने फार तिरके येणारे किरण मणी पुढे सरळ करतो, आणि त्याची भरपाई म्हणून स्वतः मागे येतो. ढकलणाऱ्या प्रकाशाने मागे ओढलं जाणं ते हेच. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅश्किन यांनी बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत 1970 मध्ये समोरासमोरच्या दोन झोतांत मणी धरला, 1986 मध्ये सहकाऱ्यांसह एकाच झोतात. 2018 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते 96 वर्षांचे होते.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हे पाहिलंय. पडद्यावर मोहरीएवढे दिसणारे मणी सारखे थरथरत होते. लेझर लावल्यावर त्यातला एक पटकन आत खेचला गेला आणि त्याची थरथर एकदम कमी झाली. मग काच हळूच सरकवली. बाकीचे सगळे वाहत गेले, हा मात्र ओहोटीत खुंटाला बांधलेल्या होडीसारखा जागच्या जागी. लेझर बंद केला, आणि तोही निघाला.

आता याच्या पुढची गोष्ट: झोताला वेगळा आकार का द्यावा लागतो. मणी ज्या प्लॅस्टिकचा, त्या पॉलिस्टायरिनचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वळवतो तो आकडा) सुमारे 1.59, पाण्याचा त्याहून कमी, 1.33, म्हणून मणी उजेडाकडे येतो. हवेचा बुडबुडा पाण्यात याच्या नेमकं उलट वागतो, झोताबाहेर पळतो. त्याला धरायचं तर मध्ये काळोख आणि भोवती उजेडाचं कडं हवं, मेदुवड्यासारखं. लिक्विड क्रिस्टलच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्यापाशी प्रकाशाच्या लहरी कमीजास्त मागे ठेवल्या की असं कडं घडवता येतं. त्या लहरी मळसूत्रासारख्या पिळलेल्या असतात. म्हणून प्रकाश थोडाफार शोषणारा कण अशा कड्यात गोल फिरू लागतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात हे 1995 मध्ये दाखवलं गेलं. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वात सुंदर वाटतो: नुसत्या उजेडाने, हात न लावता, भोवरा!

राहिला बांगडा. कडक उन्हात एक चौरस मीटर काळ्या कापडावर प्रकाशाचा रेटा पडतो सुमारे 3.3 मायक्रोन्यूटन, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याचं वजन. बांगडा हलणार कसा? पण फक्त 1 मिलिवॅट लेझर पूर्ण शोषला गेला तर 3.3 पिकोन्यूटन बल मिळतं, आणि 1 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, मण्याचं वजन भरतं जेमतेम 0.005 पिकोन्यूटन. मणी त्यातला थोडाच प्रकाश वळवतो, तरी ते बल त्याच्या वजनापुढे भरपूर असतं.

खाडीच्या पाण्याचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलात, तर त्यातले बारीक कण तसेच थरथरताना दिसतील. अ‍ॅश्किन यांनी 1987 मध्ये असेच जिवंत जीवाणू पकडले, आणि ते मरू नयेत म्हणून हिरव्याऐवजी अवरक्त लेझर वापरला.