म्यूटेक्स पीथ्रेडवर सोपवून का भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतील म्यूटेक्सविषयीच्या (म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला, प्रोग्रॅममधल्या एकाच समांतर प्रवाहाला, डेटा हाताळू देणाऱ्या लॉकविषयीच्या) माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप मला असा समजला: पीथ्रेड (थ्रेड व लॉक हाताळण्याचा सी भाषेतील इंटरफेस) १९९५ पासून युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉसिक्स मानकाचा भाग आहेत, लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी असलेल्या जीलिबसीमधील त्यांची अंमलबजावणी वर्षानुवर्षांच्या वापराने तावून सुलाखून निघाली आहे, आणि तरीही कंपायलरसोबत येणाऱ्या लायब्ररीने जून २०२२ मध्ये, १.६२ या आवृत्तीत, लिनक्सवर ती बाजूला सारून थेट फ्यूटेक्सवर (मेमरीतल्या एका पत्त्यावर थ्रेडला झोपवणाऱ्या व जागे करणाऱ्या कर्नलच्या सोयीवर) स्वतःचे लॉक लिहिले. चार बाइट वाचवण्याच्या हौसेपायी प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरलेल्या कमी महत्त्वाच्या थ्रेडला, त्यासाठी थांबलेल्या महत्त्वाच्या थ्रेडचा अग्रक्रम तात्पुरता देण्याची सोय) गेले, थ्रेडमधल्या चुका शोधणारी हेलग्राइंडसारखी साधने आंधळी झाली, आणि त्यापेक्षा सगळीकडे, अगदी विंडोजवरसुद्धा, पीथ्रेडचाच आधार घेतला असता तर एकच वर्तन मिळाले असते, असे आपले म्हणणे आहे.

बाइटांची बचत खरी आहे, पण ती दुय्यम आहे. मूळ अडचण अशी की भाषा आपल्या वापरकर्त्याला जी हमी देते, ती हमी पीथ्रेडचे मानक देत नाही. आणि जिथे मानक हात वर करते तिथे रनटाइम लायब्ररीलाच उभे राहावे लागते.

पहिले उदाहरण मूल्य हलवण्याचे घेऊ. रस्टमध्ये कोणतेही साधे मूल्य एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते: फंक्शनने म्यूटेक्स परत केला, तो एखाद्या व्हेक्टरमध्ये ठेवला, व्हेक्टर वाढला, की तेच बाइट मेमरीतल्या नव्या पत्त्यावर उतरवले जातात. पॉसिक्स मात्र स्पष्ट सांगते की पीथ्रेड म्यूटेक्सची प्रत वापरली तर परिणाम अनिश्चित आहे. त्यामुळे लायब्ररीला प्रत्येक म्यूटेक्ससाठी हीपवर (प्रोग्रॅम चालू असताना मागून घ्यायच्या मेमरीत) स्वतंत्र जागा घ्यावी लागे, ६४ बिटी एक्स८६ लिनक्सवर तिथे ४० बाइटांची रचना बसवावी लागे आणि हातात केवळ तिचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, ठेवावा लागे. हीपवरची जागा कंपायलेशनच्या वेळी घेता येत नाही, म्हणून ग्लोबल स्टॅटिक म्यूटेक्स सरळ लिहिता येत नसे, आणि त्यासाठी लोकांना बाहेरची लायब्ररी जोडावी लागे. ऑगस्ट २०२२ च्या १.६३ आवृत्तीत ही अडचण सुटली.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. एखाद्या थ्रेडने स्वतः धरलेले लॉक पुन्हा मागितले तर काय व्हावे? पीथ्रेडच्या डीफॉल्ट प्रकारात याचे उत्तर मानकानेच अनिश्चित ठेवले आहे. व्यवहारात थ्रेड अडकून पडेल आणि प्रोग्रॅम थांबेल, असे आपण गृहीत धरतो. पण जीलिबसीने या मोकळीकीचा उपयोग करून काही इंटेल प्रोसेसरवर लॉक प्रत्यक्ष न घेताच पुढे जाण्याची सोय केली होती: प्रोसेसर एक व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करतो, लॉकचा शब्द मोकळाच दिसत राहतो, आणि दुसऱ्या थ्रेडशी टक्कर झाली तर व्यवहार रद्द होतो. दुसऱ्या थ्रेडशी, हे इथे निर्णायक आहे. त्याच थ्रेडने लॉक पुन्हा मागितले तर कोणतीही टक्कर नोंदली जात नाही आणि लॉक दुसऱ्यांदा खुशाल मिळते. सी भाषेत हा प्रोग्रॅमरचा दोष म्हणून सोडून देता येईल. रस्टमध्ये मात्र याचा अर्थ असा होतो की एकाच डेटाकडे बदल करू शकणारे दोन संदर्भ एकाच वेळी अस्तित्वात आले, आणि तेही कंपायलरची सुरक्षा-तपासणी सैल करणारा अनसेफ हा शब्द न लिहिता. भाषेचा पायाच तिथे ढासळतो. म्हणून लायब्ररी पीथ्रेड वापरत असतानासुद्धा डीफॉल्ट प्रकार टाळून नॉर्मल प्रकार आवर्जून मागत असे, कारण त्या प्रकारात थ्रेड नक्की अडकतो. अडकलेला प्रोग्रॅम वाईट खराच, पण तो मेमरी बिघडवत नाही. तसेच, धरलेल्या अवस्थेतला पीथ्रेड म्यूटेक्स नष्ट करणे मानकानुसार अनिश्चित आहे, आणि रस्टमध्ये लॉकचा गार्ड (जो संपताच लॉक आपोआप सुटते ते मूल्य) विसरून म्यूटेक्स टाकून देणे पूर्णपणे कायदेशीर आहे. अशा वेळी लायब्ररी ती मेमरी जाणूनबुजून तशीच गळू देई. आपण ज्याला आयती, सिद्ध अंमलबजावणी म्हणता, तिच्याभोवती एवढी तटबंदी करावी लागत होती.

विंडोजचा मुद्दाही याच अंगाने पाहावा लागतो. तिथला क्रिटिकल सेक्शन नावाचा जुना लॉक त्याच थ्रेडला पुन्हा आत येऊ देतो, म्हणजे वर सांगितलेला धोका तिथे अपवाद नसून नियमच होतो. व्हिस्टापासून आलेले एसआरडब्ल्यू लॉक एका पॉइंटरएवढेच असते, ते शून्याने सुरू होते, ते नष्ट करावे लागत नाही आणि पुनर्प्रवेशही देत नाही. विंडोज ८ पासून तर दिलेल्या पत्त्यावर थांबण्याची सोय थेट उपलब्ध आहे. अशा प्रणालीवर पीथ्रेडचा थर चढवला असता तर पीथ्रेडच्या सगळ्या पळवाटा आल्या असत्या, आणि खालच्या प्रणालीचे गुण मात्र झाकले गेले असते. एकच वर्तन हवे हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ते वर्तन भाषेच्या करारातून यायला हवे, एका विशिष्ट सी इंटरफेसमधून नव्हे, एवढाच आपल्यात फरक आहे.

आता ‘स्वतःचे लॉक लिहिणे म्हणजे आगीशी खेळ’ या आपल्या वाक्याकडे वळतो. हा इशारा योग्य आहे, म्हणून लिनक्सवर नेमके काय लिहिले गेले ते जवळून पाहू. लॉक म्हणजे ३२ बिटांचा एक अॅटॉमिक शब्द, म्हणजे ज्यावरची क्रिया इतर थ्रेडना कधी अर्धवट दिसत नाही अशी मेमरीतली जागा. त्यात ० असेल तर लॉक मोकळे, १ असेल तर धरलेले पण कोणी झोपलेले नाही, आणि २ असेल तर धरलेले व कोणीतरी झोपलेले असण्याची शक्यता. मोकळे लॉक घेणे म्हणजे ० चे १ करणारी एकच तुलना-आणि-अदलाबदल. कर्नलला त्याची वार्ताही नसते. लॉक मिळाले नाही तर थ्रेड थोडा वेळ, जास्तीत जास्त १०० फेऱ्या, वाट पाहतो, आणि त्यानंतर शब्दात २ लिहून कर्नलला सांगतो की इथे अजूनही २ असेल तरच मला झोपव. हे ‘तरच’ फार मोलाचे आहे: २ लिहिणे आणि झोपणे यांच्यामधल्या क्षणी कोणी लॉक सोडले तर कर्नल ते मूल्य तपासून झोपवण्यास नकार देतो, आणि हाक हुकून कायमचे झोपून राहण्याची वेळ येत नाही. लॉक सोडणारा थ्रेड शब्दात ० टाकतो आणि जुने मूल्य २ निघाले तरच एका थ्रेडला जागे करतो. जागा झालेला थ्रेड लॉक घेताना १ न लिहिता २ लिहितो, कारण मागे आणखी कोणी झोपले आहे का हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे एखादी हाक वाया जाईल, पण कोणी मागे राहणार नाही. रनटाइमच्या साऱ्या लेखनात मला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. तो इतका आटोपशीर आहे की एका बैठकीत वाचून त्याच्या प्रत्येक अवस्थेची शहानिशा करता येते. जीलिबसीच्या म्यूटेक्सबद्दल असे म्हणता येत नाही, कारण त्याला पुनर्प्रवेशी, चूक तपासणारे आणि प्रक्रियांमध्ये वाटले जाणारे असे अनेक प्रकार एकाच रचनेत सांभाळावे लागतात.

आणि हा मार्ग सगळीकडे डोळे मिटून लावलेला नाही. मॅकओएसवर लायब्ररी आजही पीथ्रेडच वापरते, हीपवरची जागा पहिल्या वापराच्या वेळी घेऊन. तिथे अॅपल कर्नलच्या सिस्टम कॉलची स्थिरता मान्यच करत नाही, फक्त आपल्या सिस्टम लायब्ररीची करते. गो भाषेच्या रनटाइमलाही याच कारणाने २०१८ मध्ये, १.११ या आवृत्तीत, थेट कॉल सोडून त्या लायब्ररीकडे वळावे लागले. पत्त्यावर थांबण्याचा अधिकृत मार्ग तिथे मॅकओएस १४.४ पासून आला. लिनक्सचे कर्नल मात्र आपले सिस्टम कॉल जपते, म्हणून तिथे फ्यूटेक्सवर भिस्त ठेवता येते.

राहिले आपण दाखवलेले तोटे. हेलग्राइंड पीथ्रेडच्या फंक्शनांवर नजर ठेवून काम करते, त्यामुळे अॅटॉमिक शब्दावरचे लॉक त्याला कळत नाही आणि ते खोट्या तक्रारी करते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. थ्रेडसॅनिटायझर अॅटॉमिक क्रिया समजतो आणि रस्टच्या नाइटली (रोज तयार होणाऱ्या प्रायोगिक) कंपायलरसोबत चालतो; एकाच डेटासाठी थ्रेडमध्ये लागणाऱ्या शर्यती शोधण्यासाठी तो वापरावा.

प्रायॉरिटी इनहेरिटन्सबाबत मात्र मी सहमत नाही, कारण जे कधी दिलेच नव्हते ते गेले असे म्हणता येणार नाही. जीलिबसीचा साधा पीथ्रेड म्यूटेक्ससुद्धा ते देत नाही. ते वेगळे मागावे लागते, आणि रस्टच्या लायब्ररीने ते कधीच मागितले नव्हते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता तो याच सोयीच्या अभावामुळे: यानाच्या व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत ही सोय होती, पण त्या विशिष्ट म्यूटेक्ससाठी ती बंद होती, आणि पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू करावी लागली. लिनक्सवर ती हवी असेल तर लॉकच्या शब्दात मालक थ्रेडचा क्रमांक ठेवावा लागतो आणि कर्नलचा वेगळा, महागडा मार्ग वापरावा लागतो. वर वर्णिलेल्या ०, १, २ मध्ये त्याला जागा नाही. आपल्या कामात काटेकोर वेळमर्यादा असलेले थ्रेड असतील, आणि आपल्या लिहिण्यावरून ते असावेत असे दिसते, तर प्रमाणित म्यूटेक्स तिथे वापरू नका. लिबसीच्या बाइंडिंगमधून (सी लायब्ररीची फंक्शने रस्टमधून बोलावण्याच्या दुव्यातून) इनहेरिटन्स चालू केलेला पीथ्रेड म्यूटेक्स तयार करा, तो हीपवर एका जागी पक्का ठेवा, प्रकार नॉर्मल किंवा चूक तपासणारा मागा, आणि त्याभोवतीचा अनसेफ भाग एकाच मॉड्यूलमध्ये कोंडून घ्या.