तक्ता गृहीत धरा

परीक्षेच्या वेळी माझ्या ब्लॉकमध्ये गोंधळ का झाला याचा लेखी खुलासा मला दोन दिवसांत द्यायचाय. गोंधळ कुणामुळे झाला ते शिपायापासून सगळ्यांना माहितीये, पण खुलासा सुपरवायझरने द्यायचा, कारण गोंधळ झाला तिथे उभी मी होते.

प्रश्न 4 (ब), 10 गुण, 'खालील तक्त्याच्या आधारे विश्लेषण करा'. खाली तक्ता नाही, खाली थेट प्रश्न 5. 60 पोरांनी आधी पेपर उलटून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, जणू तक्ता मीच पर्समध्ये टाकून बसलेय. अंतर्गत परीक्षा, त्यामुळे पेपर कुणी काढला ते निदान माहीत तरी होतं. बोलावलं सरांना.

सर 20 मिनिटांनी आले. चष्मा विसरलेले, म्हणून पेपर हात लांब करून धरला, मान मागे, पहिल्यापासून सगळा वाचून काढला, मधे एका प्रश्नाला 'वा' पण म्हणाले. 4 (ब) आला तसे थांबले. खाली बघितलं, मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तक्ता होता की."

"कुठे सर?"

"मागच्या वर्षी."

म्हणजे मागच्या वर्षीचा पेपर उचलायचा, सालाचा आकडा बदलायचा आणि पाठवून द्यायचा, हे सरांनी कबूल केलं असं वाटेल तुम्हाला. छे. सरांच्या आवाजात तक्त्याबद्दल नाराजी होती, मागच्या वर्षी वेळेवर आला आणि यंदा दांडी मारली म्हणून. मी म्हटलं, सर, आता पोरांना काय सांगू? तर म्हणाले, थांबा मॅडम, मी सांगतो, आणि फळ्यासमोर जाऊन खणखणीत आवाजात, "मुलांनो, तक्ता गृहीत धरा."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, कोणता तक्ता?"

"प्रश्नाला शोभेल असा."

आणि निघून गेले! हातातला पेपर पण घेऊन गेले, तो एका पोराचा होता. मग त्या पोराचा आरडाओरडा, मग दुसरा पेपर आणायची पळापळ. खुलाशातला 'गोंधळ' तो हाच.

आमच्याकडे प्रत्येक प्रश्नासमोर ब्लूमची पातळी लिहावी लागते. बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी 1956 मध्ये विचारांची उतरंड मांडली, 2001 मध्ये ती सुधारली, तेव्हापासून तळाला आठवणे आणि शेंड्यावर निर्मिती. मूळ विचार चांगला आहे हो, की पेपर काढणाऱ्याने आधी ठरवावं पोराकडून नक्की काय हवंय, मग प्रश्न लिहावा. आपल्याकडे प्रश्न आधीच छापून तयार असतो, पातळ्या नंतर चिकटवतात, फोडणीत कढीपत्ता टाकल्यासारख्या. 4 (ब) समोर सरांनी 'निर्मिती' लिहिलंय. बरोबरच आहे म्हणा, पोरांनी तक्ता निर्माणच केला.

तेच सर बहुपर्यायी प्रश्नही काढतात. सगळ्यात लांब पर्याय बरोबर, आणि 'वरीलपैकी सर्व' दिसलं की डोळे झाकून तेच. यंदा पोरं न वाचता टिक करतात म्हणून चुकीला पाव गुण वजा केला. आता चार पर्याय असताना पाव वजा केला तरी आंधळेपणाने टिक करणारा सरासरीने थोडा फायद्यातच राहतो, एक तृतीयांश कापला तर कुठे हिशेब शून्यावर येतो. हे मी स्टाफरूममध्ये कागदावर करून दाखवलं. सर म्हणाले, मॅडम, तुमचं गणित छान आहे. झालं.

मी काही फार धुतल्या तांदळाची नाही. एकदा दोन युनिट शिकवायचे राहिले तेव्हा उरलेल्या तीन युनिटवरच अख्खा पेपर काढला होता आणि वर वर्गात 'हे इम्पॉर्टंट आहे' असं चार वेळा म्हटलं होतं. पण निदान जे विचारलं ते कागदावर होतं.

काल मीटिंगमध्ये ठरलं, 4 (ब) ज्यांनी अटेम्प्ट केलाय त्या सगळ्यांना 10 पैकी 10. ऐकायला उदार वाटतं. एकाने पाऊस आणि निकाल यांचा तक्ता आखला, त्याला 10. एकाने नुसतं 'तक्ता गृहीत धरला आहे' लिहून खाली सही केली, त्यालाही 10. आणि खिडकीजवळची ती मुलगी, जिने मला दोनदा हळूच विचारलं 'मॅडम, नक्की येणार ना तक्ता?' आणि मी 'येईल, थांब' म्हटलं म्हणून तेवढी जागा कोरी ठेवून थांबली, तिला शून्य. मी मीटिंगमध्ये हात वर केला तर म्हणे मुद्दा नोंदवून घेतलाय. कुठे नोंदवला कुणास ठाऊक, लिहिताना तर कुणी दिसलं नाही.

बाहेर पडताना सरांनी गाठलं. अगदी आपुलकीने म्हणाले, "खुलाशाचं टेन्शन घेऊ नका हो. मी परीक्षा समितीवर आहे ना, माझ्याकडे मागच्या वर्षीचा एक आहे, फॉरमॅट पाठवतो. नाव आणि तारीख तेवढी बदला."

मी इथे याच वर्षी लागले, मला काय माहीत. रात्री मेल उघडला. मागच्या वर्षीच्या सुपरवायझरचा खुलासा आहे. विषय: प्रश्न 4 (ब) मधील तक्ता छापला न गेल्याबाबत.