सुरी फिरली नाही म्हणून हलाल?

‘लॅबच्या मांसात जनावर मारतच नाहीत, म्हणून ते आपोआप हलाल. सिंगापूरने सर्टिफिकेट दिलंय. आता आपल्याकडे बिर्याणीतही घालतात. बिनधास्त खा!’ हा फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या खालापर्यंत पोचला आणि तिने तो पुढे ढकललासुद्धा. तेव्हा एकदा नीट सांगतो. लॅबचं मांस म्हणजे जनावराच्या थोड्या पेशी घेऊन त्या भांड्यात वाढवून केलेलं मांस.

‘मारलं नाही म्हणून हलाल’ हे तर साफ उलटं आहे. कोंबडी हलाल होते ती जबीहा झाल्यावर, म्हणजे शरियाच्या रीतीने कापल्यावर. जिवंत जनावराचा कापून घेतलेला तुकडा मुर्दार, म्हणजे मेलेल्या जनावरासारखा निषिद्ध, ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. मग जिवंत कोंबडीतून सुईने काढलेल्या पेशींचं काय? सगळा वाद तिथेच तर आहे. इंडोनेशियातल्या नहदलतुल उलमा या मुस्लिम संघटनेने २०२१ मध्ये याच कारणाने असं मांस नाकारलं. असं मांस बनवणाऱ्या गुड मीट कंपनीने २०२३ मध्ये सौदीतल्या तीन शरिया अभ्यासकांचं मत घेतलं. हलाल होऊ शकतं, पण पेशी जबीहा केलेल्या जनावराच्याच हव्यात, असं ते म्हणाले. कंपनीचं तेव्हाचं चिकन या अटीत बसत नव्हतं. झालं तुमचं ‘आपोआप’?

आता सिंगापूर. तिथल्या इस्लामी परिषदेच्या, म्हणजे ‘मुइस’च्या फतवा समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये असं मांस खायला परवानगी दिली, हे खरं. पण अटी घालून: खायची मुभा असलेल्या जनावराच्याच पेशी हव्यात आणि तयार मालात हलाल नसलेला घटक नको. हा फतवा आहे, तत्त्वापुरता. सर्टिफिकेट मिळतं ते एकेका उत्पादनाला, कारखाना आणि घटकांची यादी तपासून.

आणि त्या यादीतच खरी गोम असते. पेशी भांड्याच्या तळाला चिकटून वाढतात. भांडं भरलं की त्या सुट्या करून मोठ्या भांड्यात हलवायच्या असतात. त्यासाठी ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम वापरायची जुनी पद्धत आहे: ०.२५ टक्क्यांचं द्रावण, ३७ अंशांवर काही मिनिटं. हे ट्रिप्सिन बहुधा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. जास्त वेळ राहिलं तर पेशी मरतात, म्हणून ते थांबवायला वरून सीरम (रक्तापासून काढलेला द्रव) घातलेलं माध्यम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रावण, ओततात. एकाच पायरीत दोन भानगडी, डुक्कर आणि रक्त! उपाय आहेत. सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं एन्झाइम मिळतं, आणि द्रवात तरंगत वाढायची सवय लावलेल्या पेशींना ते लागतही नाही. पण कोणी काय वापरलं हे कागद बघितल्याशिवाय कळत नाही. पेशींना आकार द्यायच्या सांगाड्यासाठी जिलेटिन घेतलं असेल तर तेही कुठल्या जनावराचं, हे विचारावंच लागतं.

सीरमचा विषय निघालाच आहे, तर ‘सगळं रक्तातच वाढवतात’ म्हणणाऱ्या विरुद्ध टोकाच्या मंडळींचं थोडं मान्य करावं लागेल. गाभण गाय कापली की पोटातल्या वासराच्या हृदयातून रक्त काढून हे सीरम करतात. जुन्या पद्धतीत लिटरभर माध्यमात साधारण १०० मिली. पण जानेवारी २०२३ मध्ये सिंगापूरने गुड मीटला सीरमविना उत्पादनाची मंजुरी दिली, त्यामुळे ‘सगळं’ हा शब्द खोटा. तरी गोठवून ठेवलेला मूळ पेशीसाठा कशात वाढवला होता, हा प्रश्न उरतोच. पाकिटावर ‘सीरममुक्त’ छापल्याने त्याचं उत्तर मिळत नाही.

राहिली बिर्याणी. भारतात असला माल विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, पूर्वमंजुरी लागते. ते सोडा, हिशोब करा. सिंगापुरात मे २०२४ मध्ये दुकानात आलेलं पाकीट १२० ग्रॅमचं, किंमत ७.२० सिंगापूर डॉलर, म्हणजे तेव्हाच्या साडेचारशे रुपयांच्या आसपास. त्यात पेशींचं चिकन फक्त ३ टक्के, जेमतेम साडेतीन ग्रॅम. बाकी बहुतेक वनस्पती प्रथिनं. तेवढ्या पैशात किलोभर ब्रॉयलर येऊन वर मसाल्यापुरते उरतात. कुठला भटारी असला धंदा करेल?