पडत होते, पडतच होते

माद्रिदला आल्यावर स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागले आणि चार महिन्यांत 'प्रेतेरितो इम्पेरफेक्तो' नावाच्या भूतकाळाशी गाठ पडली. नाव भयंकर, पण स्वभाव गरीब. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'आबा' लावायचं, उरलेल्यांना 'ईआ'. नियम न पाळणारी क्रियापदं अख्ख्या भाषेत 3 : सेर, इर, वेर. गायचे ते 'कांताबा', काम करायचे ते 'त्राबाखाबा'. माहेरच्या वाड्यातले सगळे आबा ओसरीवर ओळीने येऊन बसल्यासारखं वाटलं. शिवाय 'मी जायचे' आणि 'मी जात होते', दोन्हींना एकच 'इबा'. दुसरा भूतकाळ मात्र खाष्ट. त्यात 'फुई' म्हणजे 'मी गेले' की 'मी होते', हे ऐकणाऱ्याने ओळखायचं! मी त्याच्या वाटेलाच गेले नाही. सगळं आबा-ईआतच सांगू लागले.

एकदा शेजारच्या आजींनी विचारलं, लंगडतेस का? म्हटलं, "मे काईआ पोर लास एस्कालेरास." त्या डोळे मोठे करून थांबल्या. मीही थांबले. "इ के पासो?" मग काय झालं? मी पुन्हा "काईआ", त्या पुन्हा थांबलेल्या. 'पडले' म्हणजे 'काई'. मी म्हणत होते 'पडत होते'. शेवटचा 'आ' गिळला असता तर तेव्हाच जमिनीला लागले असते. तो न गिळल्यामुळे पाच मिनिटं जिन्यातच तरंगत होते.

पुढच्या बुधवारी वर्गात विषय निघाला लग्नाचा. मी धडाक्यात सुरू केलं : मि मारीदो एरा ग्वापो, मे केरीआ मुचो. नवरा देखणा होता, माझ्यावर फार जीव होता त्याचा. वर्ग चिडीचूप. बाईंनी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेजारच्या मुलीने कागदी रुमाल पुढे सरकवला. मराठीत हेच बोलले असते तर लोक दहाव्याचीच चौकशी करते, हे तेव्हा कुठे सुचतंय!

तेवढ्यात दारात हे. "झालं का गं? दूध घ्यायचंय."

बाईंनी लगबगीने फळ्यावरचं 'केरीआ' पुसून 'क्येरे' केलं, म्हणजे 'जीव आहे'. मग यांच्याकडे नीट पाहिलं : टक्कल, पोट, काखेत लांबडा पाव. 'एरा ग्वापो' त्यांनी तसंच ठेवलं.