जरा नजर टाका ना, बाई!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत फुकट मिळणाऱ्या गोष्टी दोनच. गच्चीवरचा वारा आणि माझं मुद्रितशोधन. त्यातही वाऱ्यासाठी सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली मागून आणावी लागते, माझ्यासाठी नुसती बेल वाजवली की झालं. दारात कोणीतरी कागद घेऊन उभं असतं आणि ‘बाई, बसल्या बसल्या जरा नजर टाका ना,’ म्हणतं. मी बसलेली नसते, पोळ्या लाटत असते. पण निवृत्त बाई म्हणजे बसलेलीच, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

शाळेत मराठी शिकवलं, मग पाठ्यपुस्तकांच्या संपादनात पडले. पहाटेची इंद्रायणी धरून पुण्याला जायचं, दिवसभर समितीत एका स्वल्पविरामावर वाद घालायचा आणि संध्याकाळच्या इंद्रायणीने तो वाद डोक्यात घेऊन परत यायचं. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो. पण पाठ्यपुस्तक लाखांच्या संख्येने छापलं जातं. त्यातली चूक एकदा दप्तरात शिरली की मुलं ती पाठ करतात, आणि कविता विसरली तरी चूक विसरत नाहीत. शिवाय १९६७ साली बालभारती स्थापन झाली तेव्हापासून इतक्या पिढ्या ती पुस्तकं वाचून मोठ्या झाल्या आहेत, की महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकाबद्दल मत नसलेला माणूस सापडायचा नाही.

२०१९ च्या जूनमध्ये तर मला लिफ्टने जायची चोरी झाली. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात मुलांना जोडाक्षरं जड जातात म्हणून ‘वीस दोन’, ‘नव्वद तीन’ असं संख्यावाचन आलं होतं. वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत गदारोळ. पुस्तक गणिताचं, मी मराठीची, त्यातून निवृत्त. पण सोसायटीच्या लेखी आरोपी मीच. ‘काय हो बाई, आता आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहायचं की वीस दोनाव्या?’ आमच्या इमारतीला मजले सात. जुनी नावंही पुस्तकात आहेतच, हे मी सांगायला लागेपर्यंत विचारणाऱ्याचा मजला येऊन गेलेला असायचा.

सोसायटीच्या सूचनाफलकावर मात्र माझी सत्ता चालत नाही. सेक्रेटरी सूचना आधी लावतात आणि मग मला दाखवतात. ‘कुत्र्यांनी जिन्यात घाण करू नये’ ही सूचना मी तीन वेळा वाचली. त्यांना म्हटलं, अहो, ही कुत्र्यांना उद्देशून झाली, ते थोडेच वाचणार आहेत? सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, ‘बाई, मालक तरी कुठे वाचतात?’ व्याकरणात याला उत्तर नाही.

रस्त्यावर तर आणखी पंचाईत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आनंद मलाच सगळ्यात जास्त झाला असेल. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत, असा नियम आहे. वेलांटी बरोबर असावी, असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही. परिणामी पूर्वी जी चूक चष्मा लावून शोधावी लागायची ती आता बसच्या खिडकीतून दिसते. नवऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेलो तर ‘हॉस्पीटल’ अशी हातभर उंच अक्षरं. मी थबकले. नवरा म्हणाला, ‘तू आत चल. गुडघा माझा आहे, वेलांटी त्यांची आहे.’

घरच्यांनी आपापले मार्ग शोधलेत. माझे भाऊ मला लिहून काही कळवत नाहीत, मोबाइलवर बोलून निरोप पाठवतात. सून मराठीच लिहिते, पण रोमन लिपीत. तिथे ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, त्यामुळे सासूला काही बोलता येत नाही. मुलगी हुशार आहे म्हणून तर सून करून घेतली. माझा एक विद्यार्थी बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने वाढदिवसाला मला नुसता फुलांचा गुच्छ पाठवला, सोबत चिठ्ठी नाही.

पण लग्नपत्रिकेतून सुटका नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका गिरगावात कांदेवाडीत छापायला टाकली. लग्नपत्रिकांची दुकानं तिथे एकाला एक लागून, त्यातलंच एक. काका प्रूफ घेऊन आले. ‘बाई, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. बाकी सगळं फायनल आहे.’

बाकी काहीच फायनल नव्हतं. ‘आशिर्वाद’ मी ‘आशीर्वाद’ केला, तर काका चुळबुळले. ‘थोरल्याच्या पत्रिकेत पहिलाच होता, आणि त्याचं उत्तम चाललंय.’ आता कोणाच्या संसाराच्या आड मी कशाला येऊ? पण ‘शी’ दीर्घच ठेवला. मग निमंत्रकांची नावं. धाकट्या आत्याबाई वर आणि थोरल्या खाली गेल्या होत्या. हे शुद्धलेखनात बसत नाही, मानपानात बसतं, आणि मानपानाचे नियम शुद्धलेखनाचे नियम ठरवणाऱ्या साहित्य महामंडळाने १९६२ साली केले नाहीत आणि १९७२ सालीही केले नाहीत. सगळ्यात खाली ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ असं म्हणणारा भाचा. चौकशी केली तर वय पाच महिने. पाठ्यपुस्तकात आम्ही कोणतं वाक्य कोणत्या वयाच्या तोंडी शोभतं हे तपासायचो. इथे तोंडात दातही नव्हते. पण काका म्हणाले, ‘राहू द्या, त्याच्या आईला बरं वाटतं.’

आणि मग आली आहेराची ओळ. काकांनी लिहिलं होतं, ‘कृपया आहेर आणू नये.’ काकूंनी ती ओळ खोडली होती. खोडलेल्यावर काकांनी तीच ओळ पुन्हा लिहिली होती. लेखकाचंच ठरत नसेल तर संपादकाने समासात शंका विचारायची, ही माझी जन्माची सवय. मी ओळीसमोर ‘नक्की?’ असं लिहिलं आणि त्याभोवती वर्तुळ काढलं. मुद्रितात वर्तुळातला मजकूर म्हणजे सूचना, तो छापायचा नसतो. जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरांना हे झोपेतही कळायचं.

काकांनी त्या कागदाचा फोटो काढून दुकानात पाठवून दिला. डीटीपीच्या पोराने आपल्या परीने मनापासून काम केलं. पत्रिका छापून आली तेव्हा आशीर्वाद दीर्घ होता, आत्याबाई आपापल्या जागी होत्या, आणि ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीपुढे, बारीक वेलबुट्टी काढलेल्या सोनेरी वर्तुळात, ठसठशीत छापलं होतं, ‘नक्की?’

पुन्हा छापायला वेळ नव्हता. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लग्नात मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. येणारा प्रत्येक पाहुणा खिशातल्या पाकिटावर हात ठेवून आधी काकांकडे बघायचा, मग काकूंकडे. काका ‘नको, नको’ म्हणायच्या आत काकू ‘बरं, आता आणलंच आहे तर,’ म्हणून पर्स उघडायच्या. जेवणावळ उठेस्तोवर त्या पर्सची चेन लागेना. त्या दिवसापासून काकू मला बाई न म्हणता ताई म्हणतात.

परवा पुन्हा बेल वाजली. पाचव्या मजल्यावरच्या वहिनी, हातात नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ. मी चष्मा शोधायला लागले तर म्हणाल्या, ‘चष्मा नको हो बाई. वाचून झालंय आमचं सगळं. ते गोल तेवढं काढून द्या, तुमच्या अक्षरात.’