उचला रे, उचला!

चौघांनी उचलून न्यायची वेळ माणसावर एकदाच येते, आणि तेव्हा त्याचं त्याला काही वाटायचं कारण उरलेलं नसतं. मी शहर बसने कामाला जाते, त्यामुळे माझ्यावर ती अधूनमधून येते, तीही पूर्ण शुद्धीत असताना. "ए, तू तिकडून धर." "अरे, पाय कशाला पुढे, डोक्याकडून घ्या!" "हळू, ताईंना लागेल." पुढचं जे म्हणायचं असतं तेवढं कुणी म्हणत नाही. त्याऐवजी कंडक्टर ओरडतो, "चला, आवरा पटकन, मागे दोन गाड्या लागल्यात."

शहराचं नाव सांगत नाही. ज्याला त्याला आपलंच वाटेल.

मी व्हीलचेअर वापरते. लहानपणी पोलिओ झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण थांब्यावरचा पहिला प्रश्न तोच असतो. "अपघात का हो ताई?" पोलिओ म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. अपघात म्हणजे कसं, त्यात ट्रक असतो, चूक कुणाची यावर दोन मतं असतात, नुकसानभरपाईची चौकशी करता येते. पोलिओत यातलं काहीच नाही. त्यातून 2014 मध्ये आपला देश पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे माझ्या दुखण्याला आता बातमीमूल्यही नाही. तरी लोक हार मानत नाहीत. कुणाच्या तरी मेव्हण्याला एका वैद्याने चालतं केलेलं असतंच. तो मेव्हणा मला आजवर कुठल्याही बसमध्ये भेटलेला नाही. चालतच जात असेल.

आता बस. आमच्याकडच्या बऱ्याच बसवर निळ्या चौकोनात चाकाच्या खुर्चीचं चित्र असतं. ते चित्र 1968 मध्ये सुझान कोफोड नावाच्या एका डॅनिश विद्यार्थिनीने काढलं. तिच्या मूळ चित्रात खुर्ची होती, पण वर डोकं नव्हतं. ते नंतर दुसऱ्याने बसवलं. बस खरेदी करणाऱ्या मंडळींनी बहुधा मूळ चित्र समोर ठेवून खरेदी केली असावी. एका बसच्या दारावर हा निळा चौकोन आहे आणि दाराच्या बरोब्बर मधोमध धरायला एक दांडा आहे. दांड्याच्या डावीकडून माझी अर्धी खुर्ची जाते, उजवीकडून उरलेली अर्धी.

उंचीचं गणित त्याहून गमतीचं. लो फ्लोअर म्हणतात त्या बसचा तळ जमिनीपासून साधारण 400 मिलिमीटरवर असतो, त्यानंतर सेमी लो फ्लोअर 650 आणि नेहमीची बस 900. रॅम्पचा नियम मात्र साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट उतार. म्हणजे 900 मिलिमीटरच्या बसला नियमाने रॅम्प लावायचा तर तो 10.8 मीटर लांब हवा. बस स्वतः 12 मीटरची! इतका लांब रॅम्प मिळाला तर मला बस नकोच. दोन-चार रॅम्प एकापुढे एक जोडले की मी आपली घरंगळत ऑफिसला पोचेन.

म्हणून लो फ्लोअर बस आली की माझा जीव हरखतो. तिच्या मधल्या दारात, पायाखालीच, एक घडीची फळी बसवलेली असते. कडीत बोट घालून उचलायची आणि बाहेर उलटायची, इतकंच काम. पण त्या फळीवर हजारो चपलांची धूळ, तंबाखूच्या पुड्या आणि एखाद्या पावसाळ्याचा चिखल असं सगळं थरावर थर बसलेलं असतं. कडी कुठे आहे हे कंडक्टरला माहीत नसतं. ड्रायव्हरच्या मते ती डेपोत काढून घेतली. एक कंडक्टर मात्र कामसू निघाला. टॉमी घेऊन आला, खणखण ठोकलं, आणि मग खाली वाकून फळीलाच म्हणाला, "निघ ना बाई." ती निघाली नाही.

निघाली तरी बस फूटपाथला लागायला हवी. थांब्याच्या जागी रिक्षा उभ्या, त्यामुळे बस थांबते भर रस्त्यात. फूटपाथच्या उंचीसाठी बेतलेली फळी मग सरळ रस्त्यावर टेकते आणि तिचा चढ असा होतो की तिथे गिर्यारोहकांनी दोर लावावेत. आणि मुळात मी फूटपाथवरून रस्त्यावर यायचं कसं? दुचाक्या घुसू नयेत म्हणून तिथे खांब रोवलेत. दुचाक्या त्यांच्यामधून आरामात जातात.

तर शेवटी "उचला रे!" बिचाऱ्यांना खुर्ची कुठे धरायची ते कळत नाही, कळायचं कारणही नाही. माझ्या खुर्चीचे हात निघतात, पाय ठेवायच्या पट्ट्याही निघतात. पलंगावर सरकताना आड येऊ नयेत म्हणून ते मुद्दाम निघते केलेत. परोपकारी माणूस नेमका तोच भाग धरतो. एकदा एकाने "जय भवानी" म्हणून असा काही जोर लावला की खुर्चीचा हात घेऊन तो एकटाच बसमध्ये चढला. मी खाली. कंडक्टरने डबल मारली आणि बस गेली. पुढे तो हात थांब्यावरच्या पानटपरीत मिळाला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, दोरी बांधून ठेवलेला. अशी भली माणसं आपल्याकडे ढिगाने आहेत, हेच तर दुखणं आहे. चार माणसं हाकेसरशी मिळतात म्हणून एका फळीची कुणाला घाई नाही. मला अनोळखी हातांनी उचलून घ्यायचा हिशोब कुठल्या टेंडरमध्ये धरत असतील? बाईमाणूस म्हणून त्यात आणखी काय काय येतं, ते विनोदी लेखात न लिहिलेलं बरं.

बरं, कायदे नाहीत म्हणावं तर तेही भरपूर आहेत. अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात अशा सोयी सरकारने 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' कराव्यात असं होतं. 2016 चा कायदा पुष्कळ चांगला, पण जुन्या गाड्या सुधारायच्या त्याही 'तांत्रिकदृष्ट्या शक्य' आणि 'आर्थिकदृष्ट्या परवडेल' तिथेच. "जमलं तर येतो" म्हणणारा पाहुणा जेवायला येत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. 3 डिसेंबरचं मात्र चुकत नाही. तो जागतिक दिव्यांग दिन. सुगम्य भारत अभियानही 2015 मध्ये त्याच दिवशी सुरू झालं. त्या दिवशी आमच्याकडे एक धुतलेली बस येते, फळी लोण्यासारखी उघडते, आणि खुर्चीत बसून वर जायचा मान हिंडत्याफिरत्या प्रमुख पाहुण्यांचा असतो.

रॅम्प करायला वेळ लागतो म्हणतात, तेही खरं नाही. जानेवारी 2001 मध्ये स्टीफन हॉकिंग, कृष्णविवरांवर काम करणारे आणि माझ्यासारखेच व्हीलचेअरवरचे शास्त्रज्ञ, दिल्लीत आले, तेव्हा त्यांना कुतुबमिनार वगैरे बघता यावा म्हणून पुरातत्त्व खात्याने लाकडी रॅम्प ठोकून दिले होते. शेकडो वर्षांच्या वास्तूला रॅम्प लागला, तर परवा घेतलेल्या बसला का नाही? पण हॉकिंग ते हॉकिंग. कृष्णविवराचा माझा अभ्यास बस आणि फूटपाथ यांच्यामधल्या फटीपुरताच आहे.

वर चढल्यावरही मी प्रवासी होत नाही, सामान होते. कंडक्टर माझ्याशी बोलत नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या, मला जन्मात न पाहिलेल्या गृहस्थांना तो विचारतो, "यांना कुठं उतरायचंय?" गृहस्थ गांगरून स्वतःचा थांबा सांगतात. मला तिथलं तिकीट मिळतं. खुर्चीसाठी राखलेल्या जागेत कांद्याचं पोतं असतं, आणि "पोतं कुणाचंय?" म्हटलं की अख्खी बस खिडकीबाहेर बघते.

आणि मग एके दिवशी कुठूनशी एक नवी कंडक्टर आली. पंचविशीची असेल. तिने बस फूटपाथला चिकटवायला लावली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून कडीतली माती उकरली, फळी उलटली आणि म्हणाली, "या मॅडम." मी स्वतः चाकं फिरवत आत गेले. थांब्यावर चौघे बाह्या सरसावून तयार होते. त्यांना काय करावं सुचेना. एकाने निदान माझी पर्स तरी धरली. दुसऱ्याने "असं असतं होय!" म्हणत फळीवरून दोनदा चालून बघितलं.

आत शिरताच एक आजोबा लगबगीने सीटवरून उठले. "बसा बाई, बसा."

"आजोबा, मी बसलेलीच आहे."

"असू दे हो. दमला असाल."

आता उठलेल्या माणसाने परत बसायचं कसं? ते दांडा धरून उभे राहिले. बाईंसाठी सोडलेली जागा म्हणून दुसरंही कुणी तिथे बसेना. भर गर्दीची वेळ, लोक दारात लोंबकळताहेत, आणि मधोमध एक सीट रिकामी. कंडक्टर ओरडून दमली, "अहो, बसा ना कुणीतरी!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी माझा डबा आणि छत्री त्या सीटवर ठेवली, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला.